‘ट्रेनस्पॉटिंग’ वाचणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न : भुसावळच्या एका मेडिकलवाल्याची उत्तरं

माझं भुसावळला मेडिकल आहे, वडील लोको शेडला होते आणि मला वाचायचा नाद आहे. त्यामुळे काउंटरवर गोळ्यांच्या पाकिटांच्या बाजूला एक जाडं, मुखपृष्ठ फाटलेलं इंग्रजी पुस्तक बहुतेक वेळा पडलेलं असतं आणि दिवसातनं एक तरी गिऱ्हाईक विचारतं, भाऊ हे काय वाचून राहिले तुम्ही. अर्विन वेल्श नावाच्या स्कॉटिश लेखकाची ‘ट्रेनस्पॉटिंग’ ही ती कादंबरी, १९९३ ची. मी ती फोर्टात फुटपाथवर घेतली होती, तीनदा वाचली, कॉलेजच्या पोरांना वाचायला देतो, आणि तीच ती उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलं म्हणून शेवटी हे लिहून काढलं. शेवट फुटेल, आधीच सांगतो.

हे पुस्तक रेल्वेवर आहे का? मी आरआरबीची तयारी करतोय.

नाही रे बाबा. तीन जणांनी या कारणाने नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. हेरॉइन ओढणाऱ्या-टोचणाऱ्या, बेकार, पंचविशीच्या आसपासच्या पोरांची गोष्ट आहे. परीक्षेत काही येणार नाही यातलं.

मग नाव असं का?

विलायतेत एक छंद आहे, स्टेशनवर उभं राहायचं आणि येणाऱ्या जाणाऱ्या इंजिनांचे नंबर वहीत टिपायचे, त्याला ट्रेनस्पॉटिंग म्हणतात. आपल्या भुसावळला तो प्रकार काही नवीन नाही, आम्ही लहानपणी पुलावर उभं राहून हेच करायचो, फक्त त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं. बाहेरच्या माणसाला त्यात काही अर्थ दिसत नाही, करणाऱ्याला मात्र दिवसाचं कारण मिळतं.

पण पुस्तकात नावाचा खरा प्रसंग एकच आहे आणि तो शेवटाकडे येतो. लीथ हे एडिनबरा शहराचं बंदर, तिथे लीथ सेंट्रल नावाचं भलं मोठं स्टेशन होतं, १९०३ साली सुरू झालं आणि १९५२ ला प्रवासी गाड्या बंद. त्या ओसाड स्टेशनात रेंटन आणि बेग्बी हे दोघं मित्र रात्री शिरतात लघवीला, आणि एक म्हातारा दारुडा येऊन थट्टेत विचारतो, काय पोरांनो, गाड्या बघताय का. जिथं वर्षानुवर्षं एक गाडी आली नाही तिथं. बेग्बी एरवी एवढ्यावर माणूस आडवा करेल, पण तो गप्प उभा राहतो. मग रेंटनच्या डोक्यात प्रकाश पडतो की तो दारुडा बेग्बीचा बाप आहे. दोघं काही न बोलता बाहेर पडतात आणि रस्त्यात भेटलेल्या कुठल्यातरी भलत्याच माणसाला बेग्बी फोडून काढतो. पान-दोन पानांत बाप, दारू, बंद पडलेलं गाव आणि न सांगता येणारी लाज असं सगळं येतं. मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेला माणूस, ज्या स्टेशनावर रात्री झोपमोड होईल इतक्या गाड्या त्या गावातला, तरी ते वाचून दुकानाचं शटर ओढायचं विसरून बसलो होतो.

गोष्ट थोडक्यात सांगा ना.

थोडक्यात सांगण्यासारखी गोष्टच नाही, तीच गंमत. तुकडे तुकडे आहेत, बरेचसे वेगवेगळ्या माणसांच्या तोंडचे, कोण बोलतंय ते बोलण्याच्या लकबीवरून ओळखायचं. भाग सात, आणि त्यांची नावंच गोष्ट सांगतात: सोडणं, परत अडकणं, पुन्हा सोडणं, मग सगळं उधळणं, परागंदा, घर आणि शेवटी बाहेरची वाट. म्हणजे व्यसनाच्या माणसाचं कॅलेंडरच. आमच्याकडे सोडवायच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्यांचं पण असंच असतं, चार महिने नियमित येतात, मग गायब, मग आई येते.

इंग्रजी वाचताच येत नाही. स्पेलिंग चुकलंय सगळीकडे. पायरेटेड कॉपी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कॉपी ओरिजिनल आहे. ती पोरं लीथच्या गल्लीत जशी बोलतात तसं लिहिलंय, शाळेतल्या इंग्रजीत नाही. माहीत असणे याला ‘केन’, लेकराला ‘बेर्न’, ‘आय’ म्हणजे मी म्हणायचं तर नुसतं ‘आ’. आता मला सांगा, आपण बहिणाबाई वाचतो, १९५२ ला पुस्तक आलं त्यांचं, त्यात ‘मले’, ‘तुले’ दिसलं की आपण छपाईची चूक म्हणतो का? आसोद्याची बाई जशी बोलायची तसं छापलंय म्हणून तर त्यात जीव आहे. पुण्याला डी.फार्मला असताना मी मेसमध्ये एकदा ‘काय करून राहिला भो’ म्हटलं तर टेबल हसलं होतं, त्यानंतर दोन वर्षं तोंड सांभाळून बोललो. तेच पुस्तकात होतं बघा. रेंटन कोर्टात जजसमोर उभा राहिला किंवा इंटरव्ह्यूला बसला की झटक्यात साहेबी इंग्रजी काढतो, आणि बाहेर आला की परत गल्लीत. ज्याला दोन्ही भाषा येतात तो सुटतो, ज्याला एकच येते तो आत जातो, हे पुढे सांगतो.

उपाय एकच, मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचाल तर अडकाल, कानांनी ऐकाल तर निम्मं कळतं. आणि एक मजा सांगतो, एडिनबराच्या रस्त्यावरच्या भाषेत चोरण्याला ‘चोरी’ असाच शब्द आहे आणि झकास याला ‘बॅरी’. हे शब्द तिथे रोमानी म्हणजे जिप्सी लोकांच्या भाषेतून गेले, आणि ती भाषा मुळात आपल्याच देशातून निघालेली, बॅरीचं नातं आपल्या ‘बडा’शी लागतं. शेकडो वर्षं भटकून भटकून आपला चोरी शब्द स्कॉटलंडच्या गर्दुल्ल्यापर्यंत पोचला.

पात्रं लक्षात राहत नाहीत. एकेकाला तीन-तीन नावं आहेत.

आपल्या कट्ट्यावर नाहीत का? रेंटन म्हणजे मार्क, यालाच रेंट्स म्हणतात, हुशार, युनिव्हर्सिटी अर्धवट सोडलेला. सिक बॉय म्हणजे सायमन, दिसायला देखणा, आतून कोरडा. स्पड म्हणजे डॅनी, मनाने लोण्यासारखा, बोलताना अडखळणारा, प्रत्येक जनावरावर जीव टाकणारा. बेग्बी म्हणजे फ्रँको, त्याच्याबद्दल वेगळा प्रश्न आहे खाली. टॉमी, मॅटी, आणि माल विकणारा जॉनी स्वान, ज्याला व्यसन इतकं जुनं म्हणून ‘मदर सुपीरियर’ म्हणजे मठातली मोठी नन म्हणतात, कारण इंग्रजीत सवयीला आणि ननच्या झग्याला एकच शब्द, ‘हॅबिट’. बाकीचे आले गेले, त्यांची काळजी करू नका.

हे खरे मित्र आहेत की नुसते नशेचे सोबती?

हाच प्रश्न पुस्तकाचा आहे, म्हणून जरा लांब लिहितो, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

पहिल्याच तुकड्यात रेंटन आणि सिक बॉय व्हिडिओवर मारामारीचा पिक्चर बघत बसलेत. सिक बॉयला थंडी वाजून घाम सुटलाय, माल संपलेला, तो म्हणतो चल स्वानकडे. रेंटनला पिक्चर सोडायचा नाही, त्याला अजून तितका त्रास सुरू झालेला नाही, आणि त्याला नक्की माहीत आहे की मित्राचा त्रास हा मित्राचा आहे, आपला नाही. तरी तो उठतो. का, तर थोड्या वेळाने त्यालाही हेच होणार आहे. मग ही मैत्री की स्वार्थ? जॉनी स्वान तर सरळ सांगून मोकळा होतो की या धंद्यात मित्र कुणी नसतं, सगळे नुसते ओळखीचे. बऱ्याच लोकांना वाटतं की हेच पुस्तकाचं म्हणणं आहे. मला नाही वाटत. स्वान हे म्हणतो कारण त्याला उधार द्यायचं नसतं. दुकानदार आहे तो, मी पण दुकानदार आहे, मला ती भाषा कळते.

माझं म्हणणं असं की त्यांची दोस्ती अगदी खरी आहे, आणि गोची तिथंच आहे. माल एकट्याने आणता येत नाही, कुणाकडे पैसे असतात, कुणाची ओळख असते, कुणाचं घर रिकामं असतं, आणि हे सगळं जमवायला जे लागतं त्यालाच आपण दोस्ती म्हणतो. एकमेकांसाठी उठणं, जाणं, वाट बघणं, सांभाळून घरी सोडणं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. रात्रीचे साडेनऊ, दिवसभराच्या पंचेचाळीस डिग्रीनंतर रस्ता अजून तापलेला. एक पोरगा आत आला, एक बाहेर गाडी चालू ठेवून बसलेला. आतल्याने चिठ्ठी काढली, घामाने मऊ झालेली, घडीवर फाटत आलेली, आणि तारखेत तीनचा आठ केलेला, निळ्या पेनावर काळं पेन. कोडीनवालं, म्हणजे अफूच्या जातीचं, खोकल्याचं औषध, तीन बाटल्या. खोकला मात्र एकदाही आला नाही त्याला तेवढ्या वेळात. मी नाही म्हटलं. तो चिडला नाही, त्याने नुसतं मागे वळून बघितलं, बाहेरच्याने मानेनेच खूण केली की चल, दुसरीकडे बघू. असे ते दोघं पुढे चार-पाचदा आले. बाहेरचा पोरगा स्वतः काहीच घेत नाही हे मला नंतर कळलं, त्यालाच विचारलं एकदा की मग तू कशाला येतो रे बाबा याच्याबरोबर. म्हणतो, “काका, तो एकटा गेला तर गाडीवरून पडीन ना भो.”

आता याला काय बोलणार. बोलायला गेलं तर त्या पोराएवढा चांगला मित्र मी तरी नव्हतो कुणाचा. आणि त्याच्या गाडीशिवाय ती तीन दुकानं एका रात्रीत फिरणं पण झालं नसतं.

रेंटनने टॉमीला पहिल्यांदा का दिलं मग?

कारण टॉमीने मागितलं. इतकंच कारण आहे. टॉमी हा त्यांच्यातला सरळ पोरगा, फुटबॉल खेळणारा, प्रेयसीशी फाटलं म्हणून रेंटनच्या खोलीवर येतो आणि म्हणतो एकदा करून बघू दे. रेंटन नको नको म्हणतो पण जोर लावून नाही म्हणत, आणि मग देतो. पुढे टॉमीला एचआयव्ही निघतो, त्याच रेंटनला नाही निघत. पुढे हिवाळ्यात रेंटन त्याला भेटायला जातो, वस्ती अशी की बाहेरून दारावर शिव्या लिहून ठेवल्यात, खोली थंडगार. टॉमी त्याला दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं वाचताना वाटतं.

बेग्बी तर हेरॉइन घेतच नाही, उलट गर्दुल्ल्यांना शिव्या देतो. मग तो यांच्यात काय करतो?

प्रत्येक गावात एक बेग्बी असतो, गणपतीच्या वर्गणीला पुढे असतो तो. पबमध्ये वरच्या गॅलरीत बसून रिकामा ग्लास मागे न बघता खाली फेकतो, खाली कुणाचं तरी डोकं फुटतं, आणि मग हाच धावत खाली जाऊन ओरडतो की कुणी फेकला, आणि निरपराध लोकांना मारत सुटतो. मित्र सगळं बघत असतात. रेंटन तिथे एक यादी करतो मनातल्या मनात, बेग्बीबद्दलच्या दंतकथा एकीकडे आणि खरं काय ते दुसरीकडे. दंतकथा अशी की बेग्बी फार विनोदी आहे, खरं असं की दुसऱ्याच्या फजितीशिवाय त्याला हसू येत नाही. दंतकथा की तो दोस्तांसाठी जीव देतो, खरं की तो दोस्तांचाच घेईल. आणि या दंतकथा बनवल्या कोणी? दोस्तांनीच, कारण भीती वाटते असं कबूल करण्यापेक्षा ‘आपला भाऊ आहे तो’ असं म्हणणं सोपं जातं.

मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात जड व्यसनी तोच. त्याला सुई लागत नाही एवढंच.

इंटरव्ह्यूचा प्रसंग खूप हसवतो, त्याचा अर्थ काय?

बेकारीचा सरकारी भत्ता चालू ठेवायचा तर नोकरीला अर्ज करून इंटरव्ह्यूला जाणं भाग, पण नोकरी लागली तर भत्ता बंद. म्हणून रेंटन आणि स्पड अशा बेताने इंटरव्ह्यू देतात की प्रयत्न तर दिसला पाहिजे आणि नोकरी तर मिळता कामा नये. लीथमधलं जहाजं बांधण्याचं काम १९८० च्या दशकात बंद पडलं, थॅचरबाईंचा काळ, तर पोरांना काम नव्हतंच. आपल्याकडे भत्ता नाही, पण चार-चार वर्षं ‘तयारी करतोय’ म्हणून अभ्यासिकेत बसलेली पोरं बघतो मी, भरती निघते, पेपर होतो, रिझल्ट लटकतो, वय निघून जातं, घरी सांगायला मात्र उत्तर तयार असतं. हसा, पण जपून हसा.

कोर्टात स्पडच का जेलमध्ये गेला? चोरी तर दोघांची होती.

वर म्हटलं ना भाषेचं, ते हे. पुस्तकाच्या दुकानातून पुस्तकं चोरली, जजने विचारलं वाचायला की विकायला. स्पड खरं बोलला की विकायला. रेंटन म्हणाला वाचायला, आणि वर किर्केगार्ड नावाच्या डॅनिश तत्त्वज्ञावर लेक्चर दिलं. रेंटन सुटला, स्पड आत. इथे मैत्रीला तडा गेला असं कुणी म्हणत नाही, स्पड तर मुळीच नाही म्हणत. पण माझ्या मते शेवटच्या चोरीचं बी इथं पडलंय.

एड्सचं एवढं का आहे पुस्तकात?

कारण एडिनबरामध्ये तेव्हा ते खरंच झालं. ऐंशीच्या सुरुवातीला स्वस्त हेरॉइन आलं आणि त्याच वेळी सिरिंज मिळणं बंद करत आणलं, पोलिसांना वाटलं सुई नाही मिळाली तर नशा थांबेल. झालं उलटं, एकच सुई दहा-दहा जणांत फिरायला लागली. १९८६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून छापलं तेव्हा सुई घेणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पॉझिटिव्ह निघाले. शहराला युरोपची एड्सची राजधानी म्हणायला लागले. नंतर सुया बदलून देणं, हेरॉइनऐवजी तोंडाने घ्यायचं मेथाडोन नावाचं औषध हे सुरू केलं तेव्हा जाऊन आवरलं. मेडिकलवाला म्हणून हा भाग मी जास्तच नीट वाचला, कारण सुई द्यायची की नाही हा प्रश्न काउंटरच्या या बाजूला उभं राहिल्यावर वाटतो तेवढा सोपा नाही.

मॅटीचं मरण वाचा यात. लेकीला खुश करायला मांजराचं पिल्लू घेतो, लेकीची आई म्हणते ने ते परत, पिल्लू त्याच्याकडेच राहतं, आणि एचआयव्हीने प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाला मांजराच्या विष्ठेतून होणारा टॉक्सोप्लाज्मोसिस होऊन तो जातो. नशेने नाही, लेकीसाठी आणलेल्या पिल्लाने.

शेवटी रेंटन मित्रांचे पैसे घेऊन पळतो. हे बरोबर आहे का?

यावर माझ्या दुकानासमोर चहाच्या टपरीवर भांडणं झाली आहेत. लंडनला जाऊन सगळे मिळून हेरॉइनचा सौदा करतात, सोळा हजार पाउंड येतात, आणि रेंटन ती पैशांची बॅग उचलून ॲमस्टरडॅमला जातो. सिक बॉयचं त्याला काही वाटत नाही, रेंटन म्हणतो संधी मिळाली असती तर सिक बॉयनेही हेच केलं असतं. वाईट वाटतं ते फक्त स्पडचं, त्याला नंतर पैसे पाठवायचं ठरवतो. आणि बेग्बी? बेग्बी सापडला तर जीव घेईल, म्हणजे आता लीथला परत जाणं शक्यच नाही, आणि रेंटनला नेमकं तेच पाहिजे असतं.

माझ्या लेखी पूर्ण कादंबरीत सगळ्यात शहाणपणाची आणि सगळ्यात नीच गोष्ट हीच. माल सोडणं त्याला अनेकदा जमलं होतं, घरच्यांनी खोलीत कोंडलं तेव्हाही जमलं होतं. न जमलेली गोष्ट म्हणजे गल्लीत परत न जाणं. ती जमावी म्हणून त्याने असा पूल तोडला की परत यायचं म्हटलं तरी येता येऊ नये. चोरीशिवाय नसतं का जमलं? एक रिटायर गार्ड आहेत आमचे नेहमीचे, ते म्हणाले नसतं जमलं, मी दारू सोडली तेव्हा बदली मागून मनमाडला गेलो होतो. बदली मागायला नोकरी लागते हो, मी म्हटलं.

पिक्चर बघितला तर चालेल का?

बघा, चांगला आहे, १९९६ चा, डॅनी बॉयलचा, ज्याने पुढे स्लमडॉग केला तोच. पण पिक्चरला लय आहे, गाणी आहेत, पळापळ आहे, नशा जरा चमकदार दिसते. मॅटीचं मांजराचं मरण तिथे टॉमीला दिलंय. पुस्तक जास्त उदास आणि जास्त विनोदी आहे, दोन्ही एकदम.

कोसलासारखं आहे का? पांडुरंग सांगवीकर पण तसाच वैतागलेला असतो.

आपल्या खान्देशी माणसाला हा प्रश्न पडणारच. नेमाडे जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे, कोसला १९६३ ची, रेंटनच्या तीस वर्षं आधी. दोघांनाही आजूबाजूचं सगळं खोटं वाटतं, दोघंही शिक्षणाला गेले आणि हात हलवत परत, दोघांच्या घरात भावंडाचं मरण आहे. फरक असा की पांडुरंगला परत यायला गाव आहे, शेत आहे, शिव्या देणारा का होईना बाप आहे. त्याची नशा म्हणाल तर चहा, सिगारेट आणि उधारी. रेंटनला आईबाप आहेत, पण परत जाऊन टेकावं असं मागे काहीच नाही. वैताग सारखाच असेल, पण खाली पडल्यावर अंगाला काय लागतं, माती की फरशी, यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडे असं कुठे असतं भाऊ?

असं म्हणणाऱ्याच्या तोंडात पुडी असते बऱ्याचदा, २०१२ पासून राज्यात बंदी असलेली. हेरॉइन आपल्याकडे त्या प्रमाणात नाही हे खरं. मुंबई-पुण्यात ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ आला तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं आणि १९८६ मध्ये त्यांच्या पत्नी अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु.ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. आमच्या पट्ट्यात वेगळा माल चालतो, झोपेच्या गोळ्या ज्यांना पोरं ‘बटन’ म्हणतात आणि मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’, खोकल्याची औषधं, पंक्चरचं सोल्युशन, गांजा. शिरपूरकडच्या शेतात गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या तर पेपरला येतच असतात.

या गोळ्या आणि कोडीन शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, २०१४ पासून त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, पेशंट, डॉक्टर, किती दिलं, आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. सगळे ठेवतात असं मी म्हणणार नाही. नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं, आणि त्या गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या आजीच्या बीपीच्या गोळ्या पण जातात, हेही सांगून ठेवतो.

असलं पुस्तक वाचून पोरं बिघडणार नाहीत का?

बिघडणाऱ्या पोराला पाचशे रुपये जमवायचे असतात हो, साडेतीनशे पानं वाचायची नसतात. शिव्या भरपूर आहेत, घाण प्रसंग आहेत, संडासातला एक प्रसंग तर जेवताना वाचू नका, शेवभाजी समोर असेल तर मुळीच नको. दहावीच्या पोराला मी देत नाही. एक तान्हं बाळ मरतं त्यात, सगळे तिथेच असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्यानंतर ते जे करतात ते म्हणजे पुन्हा माल बनवायला घेतात. ते पान वाचून कुणाला नशा करावीशी वाटली असेल तर मला दाखवा.

रेंटनसारखं खोलीत कोंडून घेऊन सोडता येतं का?

हा प्रश्न पुस्तकाबद्दल नसतो हे मला कळतं. विचारणारा इकडे तिकडे बघून विचारतो.

अफूच्या जातीचं म्हणजे हेरॉइन, कोडीन असलं काही सोडलं की दोन-तीन दिवस जिवावर येतं, नाक गळतं, पोटात कळा, अंगावर काटा, आणि आठवडाभरात ओसरतं. खरा धोका पुढे असतो. शरीराची सवय गेलेली असते आणि माणूस पुन्हा एकदा जुन्याच मापाने घेतो, श्वास बंद पडून जातात ते तेव्हा. झोपेच्या गोळ्यांचं तर उलटंच, त्या एकदम बंद केल्या तर फिट्स येऊ शकतात, डॉक्टरकडूनच हळूहळू कमी करायच्या, घरी शूरपणा नको. सिव्हिलला मानसोपचार विभाग असतो, १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे आणि १४४१६ टेली-मानसची म्हणजे मानसिक आरोग्याची, मराठीत बोलतात. पोलिसांची भीती वाटत असेल तर १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४-अ आहे, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला कमी मालाच्या केसमध्ये खटल्यापासून संरक्षण मिळतं, वकिलाला विचारा.

माझा मित्र यात आहे. मी त्याच्याशी संबंध तोडू का?

सरळ उत्तर नाही माझ्याकडे. गाडीवरच्या पोराला मी काय सांगितलं तेवढं सांगतो. म्हटलं, तोडू नको, पण गाडी देऊ नको. तुझ्या घरी येऊ दे, भरीत-भाकरी खाऊ घाल, रात्री दोन वाजता फोन केला तरी उचल, दवाखान्यात जायचं म्हणाला तर पेट्रोल माझ्याकडून घे. दुकानं फिरायला म्हणाला की चावी हरवली म्हणायचं. तो म्हणाला काका तो खोटं लगेच ओळखतो. म्हटलं ओळखू दे.

पुस्तकात असा कुणी नाही, जो नाही म्हणतो आणि तरी दारात उभा राहतो. स्पड होऊ शकला असता, पण तो स्वतःच आत बुडालेला.

तुमची कॉपी वाचायला मिळेल का?

सध्या बाहेर आहे. दिवाळीपासून त्या गाडीवाल्या पोराकडे आहे, इंग्रजी जमत नाही म्हणतो, एकेक शब्द मोबाईलवर बघतो, निम्मे मोबाईललाही सापडत नाहीत. परवा रात्री आला होता, गाडी बंद करून, स्टँडला लावून, दोघं आत आले. इनो घेतलं. मित्र जरा वाळलाय पण उभा नीट होता. पुस्तक मागितलं तर म्हणतो काका अजून टॉमीपर्यंतच आलोय, थांबा ना. नंबर लावायचा असेल तर काउंटरवर वहीत नाव लिहून ठेवा, तुमच्या आधी चार जण आहेत.